बाटली काळी झाली नाही

कावीळ झालेल्या माणसाला सल्ला द्यायला कोणाच्या बापाचं काही जात नाही. उसाचा रस प्या, मुळ्याची पानं खा, हळद बंद करा, अमक्या बाबाकडे जा. मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा जो यायचा तो हेच सांगून जायचा, आणि मी प्रत्येकावर खेकसायची. आता मीच सल्ला द्यायला बसले आहे. पण माझा सल्ला एकच आहे आणि तो आत्ताच सांगून मोकळी होते. पाणी उकळा. घरात गरोदर बाई असेल तर माझ्यासारख्या शहाण्या बाईनं काहीही सांगितलं तरी उकळा. बाकीचं जे लिहिते आहे ते पोटात ठेववत नाही म्हणून.

बोलताना मी मले-तुलेच बोलते. लिहायला बसलं की शाळेतल्या बाई आठवतात आणि भाषा आपोआप सरळ होते. तेवढं चालवून घ्या.

*

मी रायपूरला पाणी तपासायच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मदतनीस होते. बावीस वर्षं. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, गावात माणसं वाढली, गाड्या वाढल्या, नळाला पाणी मात्र होतं तेवढंच राहिलं.

माझं काम तसं सोपं. रोज सकाळी ठिकठिकाणचं पाणी यायचं आणि त्याच्या दोन तपासण्या व्हायच्या. एकीत पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात क्लोरीन आहे. आमच्याकडे पिवळं म्हणजे चांगलं. दुसरीत एका छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. दोन दिवसांत ते काळं झालं तर त्यात शौचातले जंतू आहेत. नाही झालं तर पाणी चांगलं. मी बाटली खिडकीपाशी उजेडात धरायची, बघायची आणि रजिस्टरात लिहायची.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत मला या कामाचा भलताच मान होता. शेजारची साहू भाभी रोज दारातून विचारायची, "पानी बने हे न, दीदी?" म्हणजे पाणी चांगलं आहे ना? मी चपला घालता घालता म्हणायची, "हव, बने हे." झालं, अख्खी गल्ली ते पाणी प्यायची.

*

माझी एकुलती एक पोट्टी, मीनू. लग्न होऊन नागपूरला गेली. रायपुरात वाढलेली, त्यामुळे आम्ही मराठीत बोलायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. सासरी जाऊन तिची मराठी सुधारली एवढं खरं. तिला दिवस गेले तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरासमोरच दवाखाना आहे. बाळंतपण इथंच करू या ना."

मला ते लागलं. पहिलं बाळंतपण माहेरीच होते, हे काय सांगायची गोष्ट आहे? मी फोनवर म्हटलं, "विहीणबाई, माझ्या घरचं पाणी मी स्वतः तपासते. तुमच्या नागपुरात कोण तपासून राहिलं?" त्या हसल्या. मीही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

सातव्या महिन्यात मीनू आली. तिला पाण्याची अडचण पडू नये म्हणून मीनूच्या बाबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, नळाला टुल्लू पंप बसवला. हे रेल्वेत फिटर होते, घरातलं सगळं स्वतःच करायचे. गल्लीत निम्म्या घरी टुल्लू होताच. बटण दाबलं की लाईनीतलं पाणी खेचून टाकीत. आमच्या गल्लीत नळाचे पाईप नालीतूनच येतात. पंप नुसतं पाणी खेचत नाही, पाईपला कुठं भेग असेल तर भोवतीची नालीही खेचतो, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. माहीत असणं आणि डोक्यात येणं यात फार अंतर असते बाप्पा.

पण पंपाचं एक वेळ सोडा. माझी चूक त्याहून मोठी आहे. आमच्या घरी आम्ही पाणी उकळूनच प्यायचो. मीनू पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करून म्हणाली, "आई, उकळलेलं पानी मेल्यासारखं लागते वो. मले नाही जात." त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या एका मासिकात मी लेख वाचला होता. तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर ठेवलं की त्यातले जुलाबाचे जंतू मरतात, असं संशोधकांना दिसलं होतं. मी लगेच गोल बाजारात गेले आणि तांब्याचा हंडा घेऊन आले. नुसता वाचून विश्वास ठेवणारी मी नाही. मी तपासलं. एका घाण विहिरीचं पाणी आणलं, अर्धं तसंच बाटलीत भरलं, अर्धं रात्रभर हंड्यात ठेवून मग भरलं. दोन दिवसांनी एक बाटली कोळशासारखी काळी, दुसरी जशीच्या तशी.

दोन्ही बाटल्या मी घरी आणून मीनूला दाखवल्या. साहू भाभीला दाखवल्या. ह्यांना दाखवल्या. हे म्हणाले, "वा! आमच्या घरी तर शास्त्रज्ञ राहते." त्या दिवसापासून मी गॅसवर पाणी ठेवणं बंद केलं.

*

दोन महिने होत आले तेव्हा मला फोडणीचा वास नकोसा झाला. वाटलं, उन्हाळा आहे. जेवण जाईना, पाय दुखायचे, लघवी मोहरीच्या तेलासारखी व्हायला लागली. ते मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांचं पाणी बावीस वर्षं उजेडात धरून बघितलं, स्वतःचं नाही बघितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका सकाळी मी थेंब टाकून रंग बघत होते. बाजूला काम करणारी मुलगी म्हणाली, "दीदी, आपकी आँखें." मी म्हटलं, "काय झालं डोळ्याले?" तिनं नळीतलं ते पिवळं पाणी माझ्या तोंडासमोर धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, पोट दाबून बघितलं. पीलिया है, पाण्यातून झाला आहे, आराम करा, महिन्याभरात उतरेल. मला जरा रागच आला. पाण्यातून, आणि मला? मी सांगितलं, मी काय काम करते ते. बाई लिहिता लिहिता थांबल्या. माझं वय बघितलं, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "घर में कोई गर्भवती है?"

आजार कळला तो दिवस कोणता असं विचाराल तर तो हा. मला कावीळ आहे हे कळलं तेव्हा काही वाटलं नव्हतं. या प्रश्नावर मात्र मी बोटांवर मीनूचे महिने मोजायला लागले.

बाईंनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. या जातीची कावीळ सगळ्यांची निघून जाते. पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला ती झाली तर कोणी काही सांगू शकत नाही. का, ते अजून नीट कळलेलं नाही. औषध नाही. लस नाही. पाणी प्यायल्यानंतर रोग दिसायला कितीतरी आठवडे लागतात. म्हणजे मीनूनं जे प्यायचं ते पिऊन झालं होतं. आता फक्त बघायचं.

"बघायचं म्हणजे काय वो?" मी विचारलं.

"इंतज़ार," बाई म्हणाल्या.

*

माझ्या पोटात काहीच टिकत नव्हतं म्हणून मला त्याच दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथले दिवस सगळे सारखे. सकाळी तापमान, मग सलाईन, मग फरशी पुसायचा तो वास, मग चार ते सहा भेटायची वेळ. चार वाजायची मी अशी वाट बघायची की काय सांगू. हे यायचे, आणि मी विचारायच्या आधी सांगायचे, "ठीक आहे ती. जेवली."

"डोळे पाहिले?"

"पाहिले."

"उन्हात नेऊन पाहिले?"

"हो वो मीनूची आई, उन्हात नेऊन पाहिले."

तिला नागपूरला पाठवावं असं ह्यांचं म्हणणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नववा लागला आहे, गाडीचा प्रवास नको, इथं दवाखाना तरी जवळ आहे. मग ती घरीच राहिली. घरी आता पाणी खळखळ उकळत होतं, ह्यांनी पान्यानं टुल्लू काढून अंगणात फेकला होता. चोर गेल्यावर कुलूप लावायचे ते सगळे सोपस्कार आम्ही केले.

मी पलंगावर पडून मोजायची. तिनं शेवटचं ते पाणी कधी प्यायलं असेल. आज किती दिवस झाले. अजून किती. एकेक दिवस गेला की वाटायचं सुटलो, आणि लगेच वाटायचं की नाही. हातात सुई, पायात जोर नाही, आणि घर एवढ्या जवळ की आमच्या गल्लीतल्या देवळाची घंटाही कधी कधी ऐकू यायची. मला रडू यायचं. मी रडायची, लपवायची नाही. बाजूच्या पलंगावरच्या म्हातारीनं एकदा विचारलं, "काबर रोवत हस?" काहून रडते म्हणून. मी सांगितलं. ती उठली, तिनं तिच्या तेलाच्या बाटलीतलं तेल माझ्या केसांना लावलं, वेणी घातली आणि परत जाऊन झोपली. त्या सगळ्या दिवसांत मला बरं वाटलं ते तेवढंच.

आणि साहू भाभीचा पसिया. भाताचं ते गरम पाणी, मीठ घालून, ती डब्यातून आणायची. तिच्या घरीही दोघं पिवळे पडले होते. माझ्या शब्दावर पाणी प्यायलेली माणसं. तिनं एकदाही ते काढलं नाही. मी काढलं तर म्हणाली, "पी ले दीदी, जुड़ा जाही." निवून जाईल, पी.

*

मला घरी सोडलं आणि तिसऱ्या दिवशी मीनूला ओकारी झाली. ती न्हाणीतून बाहेर आली, भिंत धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून हसली. "कुछ नहीं आई, ते पोहे बाधले." मी तिला अंगणात उन्हात ओढली. तिला कळलं मी काय बघते आहे ते. तिनं डोळे मिटून घेतले.

"उघड ना बाई."

"नाही."

"मीनू, उघड."

मग उघडले.

*

मोठ्या दवाखान्यात तिला काचेच्या आत ठेवलं आणि मला बाहेर. माझी कावीळ उतरत होती पण पुरती गेली नव्हती, मला आत सोडत नव्हते. जावई, प्रशांत, नागपूरहून आले. भला पोरगा. त्यांनी माझ्या पायांना हात लावला, बाकावर बसले. मग म्हणाले, "आई, तुम्ही म्हटलं होतं ना, मी तपासते म्हणून?"

रागानं नव्हतं ते. खरंच विचारत होते. रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येते. मी पदर तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवशी मीनू गुंगीत गेली. हाक मारली की हूं करायची, मग तेही बंद झालं. मी काय केलं सांगू? आयुष्यभर ज्या लोकांची मी टर उडवली त्यांच्याकडे गेले. पुरानी बस्तीत एक बाबा कावीळ उतरवतो. साहू भाभीनं रिक्षात घालून नेलं. तो रोग्याच्या हातांना कसली तरी साल चोळतो, चुन्याच्या पाण्यात धुतो, परातीतलं पाणी पिवळं होते, आणि मग तो गळ्यात घालायला मंतरलेली माळ देतो. मी बी.एस्सी. झालेली बाई. साल आणि चुना मिळून रंग येतो हे मला दिसत होतं. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी परात पिवळीच होणार. तरी मी रांगेत बसले. माझे हात धुतले, पिवळं पाणी आलं, आणि मी हात जोडून म्हटलं, "बाबा, माझं राहू द्या. पोट्टी बेहोश है. उसके लिए माला दे दो."

त्यानं विचारलं, "पेट में बच्चा है?"

मी हो म्हटलं.

त्यानं परात बाजूला सारली. "उसमें मैं हाथ नहीं लगाता, बेटी. वो मेरे बस का नहीं. अस्पताल में ही रखो."

साल चोळून लोकांना फसवणारा माणूस, पण आपल्याच्यानं काय होत नाही हे त्याला माहीत होतं. त्याची परात सगळ्यांची पिवळी व्हायची, माझ्या घरच्या पाण्याची बाटली कधी काळी व्हायची नाही. त्यानं निदान वेळेवर सांगितलं.

*

मुलगी झाली. रडली नाही.

मीनूचं रक्त थांबत नव्हतं. मग थांबलं. पाच दिवस ती डोळे न उघडता पडून होती, आणि सहाव्या दिवशी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "पानी माँग रही है." काचेच्या बाहेर आम्ही तिघं उभे होतो, हे, प्रशांत आणि मी. पाणी म्हटल्यावर तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. सिस्टर म्हणाली, "अरे खुश हो जाओ, बच गई." तेव्हा ह्यांनी भिंतीला डोकं टेकवलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं.

बाळाचं मीनूला कोणी सांगायचं यावर आमची चर्चा चालली होती. सांगावं लागलं नाही. तिनं पोटावर हात ठेवला, आणि काढला.

*

काही दिवसांनी बाहेरगावाहून संशोधन करणारी एक तरुण बाई आली. गल्लीतलं पाणी, आजारी माणसांचं रक्त असं गोळा करत होती. मी कामावर परत गेले होते. मी तिला माझं रजिस्टर दाखवलं. आमच्या घरचं पाणी मी दर आठवड्याला तपासत होते, प्रत्येक वेळी चांगलं.

"माझी बाटली काहून काळी नाही झाली?" मी विचारलं.

ती मराठीच निघाली. तिनं समजावलं. तुमच्या बाटलीत जिवाणू कळतात. हा विषाणू आहे, त्याहून कितीतरी लहान. क्लोरीननं, तांब्यानं जिवाणू आधी मरतात, बाटली स्वच्छ दिसते, आणि हा मागं राहू शकतो. "तुमची तपासणी बरोबरच होती, काकू," ती म्हणाली.

बरोबरच होती! मला वाटलं, चुकली म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पुढच्यांना उपयोग होईल म्हणून ती मीनूचंही रक्त मागायला घरी आली. मी नको म्हणणार होते. मीनूच म्हणाली, "घ्या ना." फॉर्मही तिनंच भरला. नाव, वय, पाणी कुठलं. खाली एक रकाना होता, गर्भारपणाचं काय झालं. त्या बाईनं हलक्या आवाजात म्हटलं, ते मी भरते. मीनूनं पेन सोडलं नाही. तिनं लिहिलं, आणि पुन्हा नीट वाचून बघितलं.

आता कुठल्या तरी देशात या काविळीची लस निघाली आहे असं वाचते. चांगलं झालं. मीनूच्या वेळी ती नव्हती.

*

मीनू नागपूरला गेली. तिची तब्येत सुधारली. विहीणबाईंनी मला कधी टोमणा मारला नाही, मारला असता तर मी मोकळी झाले असते. साहू भाभी सकाळी विचारायची, तसं विचारणं तिनं सोडलं नाही. मी उत्तर बदललं. "उबालके पी, भाभी," एवढंच म्हणते.

वर्षानं मीनू चार दिवस राहायला आली. मी तिच्यासमोर पाणी उकळलं, घड्याळ लावून, झाकून गार केलं आणि पेल्यात ओतून दिलं. ती घोटभर प्यायली. "छान आहे," म्हणाली. चारही दिवस तिनं असंच केलं. पेला भरलेला राहायचा, मी तो नंतर तुळशीत ओतायची.

निघायच्या दिवशी तिच्या बॅगेत चिवड्याचा डबा ठेवायला गेले तर खाली, साडीच्या घडीत गुंडाळलेल्या तीन बाटल्या. नागपूरहून आणलेलं पाणी. दोन रिकाम्या, एकीत थोडंसं. मला वाईट दिसू नये म्हणून पोट्टीनं साडीत लपवलं होतं. मी ती बाटली काढली, सवयीनं खिडकीपाशी उजेडात धरली. पाणी स्वच्छ दिसत होतं. काहीच दिसत नव्हतं. होती तशी गुंडाळून ठेवणार होते, तेवढ्यात ती मागं येऊन उभी राहिली.

मग मीच म्हटलं, "गाडीत लागेल ना तुले. उकळलेलं आहे. भरून देऊ?"

तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

"नको आई," ती म्हणाली. "स्टेशनवर घेईन."

"हव," मी म्हटलं.